साहेब, कॉल आला तर निघा: आपत्ती व्यवस्थापन परिषदेला वक्ते आणि प्रशिक्षक बोलावताना

आमच्या पहिल्या परिषदेची तारीख मी जुलैच्या दुसऱ्या शनिवारी धरली होती. विषय मुंबईतल्या पुराचा, मग पावसातच घेऊ, असा माझा हिशोब. निमंत्रणासाठी एका अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फोन केला, तर त्यांचे पीए शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्या दिवशीची भरती बघितलीत का?" मी बघितली नव्हती. साडेचार मीटरच्या वरची होती, तीही ऐन उद्घाटनाच्या वेळेला. "साहेब त्या दिवशी कंट्रोल रूम सोडून तुमच्या हॉलमध्ये बसले, तर दुसऱ्या दिवशी पेपरात तुमची परिषद नाही, साहेबच येतील."

त्यानंतर सहा परिषदांसाठी वक्ते आणि प्रशिक्षक आणायचं काम माझ्याकडे होतं. कॉलेजं, हाऊसिंग सोसायट्यांचे महासंघ, हॉस्पिटलं, कारखान्यांचे सेफ्टी विभाग आता असे कार्यक्रम घेऊ लागलेत आणि मला विचारतात, म्हणून हे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते. इतर विषयांच्या परिषदेत वक्ता वेळ काढून येतो. आपल्या विषयातला चांगला वक्ता हा ड्यूटीवरचा माणूस असतो. त्याचं येणं त्याच्याही हातात नसतं. तारीख, पत्र, खुर्ची, गाडीची जागा, सगळं हे धरूनच ठरवायचं.

हॉलच्या आधी कॅलेंडर

जून ते सप्टेंबर विसरा. पालिका, अग्निशमन दल, हवामान खातं, एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, कोणीच मोकळं नसतं. एनडीआरएफच्या तुकड्या तर पावसाळ्यात मुंबईत आणूनच ठेवलेल्या असतात. एप्रिल-मे मोकळे वाटतात, पण तेव्हा नालेसफाई आणि मान्सूनपूर्व बैठका चालू असतात. शिवाय १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो. त्या आठवड्यात अग्निशमन अधिकारी प्रात्यक्षिकं देत शहरभर फिरत असतात. तुमच्याकडे आलेच तर घाईत येतील.

मार्चमध्ये वर्षअखेर आणि विधिमंडळाचं अधिवेशन. गणपतीत अनंत चतुर्दशीपर्यंत पोलिसांचं नाव काढू नका. १३ ऑक्टोबरला आपत्ती धोके कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, त्यामुळे त्या आठवड्यात प्रत्येक कॉलेजला तेच चार वक्ते हवे असतात. डिसेंबरचा पहिला आठवडा चैत्यभूमीच्या बंदोबस्ताचा. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी वैद्यकीय पथकं अडकलेली, आणि २६ जानेवारीच्या आधी संचलनाच्या सरावामुळे होमगार्ड आणि नागरी संरक्षण दल.

मग उरतं काय? नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, डिसेंबरचा मधला भाग, जानेवारीचे सुटे दिवस आणि फेब्रुवारी. मी फेब्रुवारीचा पहिला शनिवार धरते. निवडणुकीची आचारसंहिता लागायची शक्यता असेल तर पर्यायी तारीखही मनात ठेवते. पत्रं तीन महिने आधी जातात. त्यापेक्षा लवकर पाठवली तर टेबलावर पडून राहतात, आणि उशिरा पाठवली तर परवानगीची फाईल वर जाऊन खाली येत नाही.

आधी प्रश्न लिहा, नावं नंतर

आयोजकांच्या पहिल्या बैठकीत सगळे नावं सांगू लागतात. अमुक निवृत्त आयएएस, तमुक टीव्हीवर दिसणारे डॉक्टर. मी वही उघडून म्हणते, नावं नकोत, प्रश्न सांगा. श्रोत्यांना घरी जाताना कशाचं उत्तर मिळालेलं हवंय?

'शहरी पूर: आव्हाने आणि उपाय' हा प्रश्न नव्हे. त्यावर कोणीही पाऊण तास बोलू शकतो, म्हणून त्यावर कोणालाही बोलावू नये. त्यापेक्षा हे बघा: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एवढा फरक पडतो, तर इशारा संपूर्ण मुंबईचा एकच कसा वाचायचा? हा प्रश्न हवामानशास्त्रज्ञाला दिलात की तो मनापासून तयारी करतो. किंवा: रात्री दोन वाजता सोसायटीच्या मीटर रूममधून धूर यायला लागला, तर पहिल्या तीन मिनिटांत वॉचमनने काय करायचं? याचं उत्तर अग्निशमन केंद्राच्या स्टेशन ऑफिसरकडे आहे, संचालकांकडे नाही.

प्रश्न ठरले की माणसं आपोआप सापडतात. हवामानासाठी कुलाब्याचं प्रादेशिक हवामान केंद्र, नियोजनासाठी महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन विभाग, अभ्यासकांसाठी देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी, राज्याच्या पातळीवर पुण्याची यशदा, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राज्याची संस्था. शोध-बचावासाठी एनडीआरएफची पाचवी बटालियन, जिचा तळ तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. रासायनिक अपघातासाठी चेंबूर-माहुल-तुर्भे पट्ट्यातले सेफ्टी ऑफिसर. वायुगळतीवर त्यांच्याइतकं जमिनीवरचं ज्ञान शहरात फार थोड्यांना आहे आणि त्यांना परिषदांना फारसं कोणी बोलावत नाही.

माझा अनुभव असा की सगळ्यांत लक्षात राहणारी सत्रं एरवी कोणी बोलावत नाही अशा माणसांची असतात. पालिकेच्या कंट्रोल रूममध्ये १९१६ या हेल्पलाइनवर फोन घेणारे कर्मचारी. अपघात विभागाची रात्रपाळीची सिस्टर. स्टेशन मास्तर. वॉर्डातला पंप ऑपरेटर. आपदा मित्र या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी योजनेत प्रशिक्षण घेतलेली वस्तीतली मुलगी. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर जायला गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती. तिथे अंधारात, पावसात चढून गेलेल्या ट्रेकरांपैकी कोणी बोलायला तयार असेल तर त्याला मुख्य सत्र द्या. इंग्रजी जमत नसेल, पीपीटी नसेल, तरी द्या. अशा वक्त्याशी मी स्टेजवर भाषण नाही, मुलाखत ठरवते. वीस मिनिटं, सहा प्रश्न, आणि ते आधी सांगितलेले.

आपत्तीत घरचं माणूस गमावलेल्यांना बोलावताना मात्र दहादा विचार करा. त्यांना स्वतःहून काही मांडायचं असेल तरच. हॉल रडवण्यासाठी कोणालाही माइकसमोर उभं करू नये.

वक्ता आणि प्रशिक्षक: दोन वेगळी निमंत्रणं

इथे मी सपशेल आपटले होते, म्हणून जरा थांबते. वक्त्याला माइक, पडदा आणि तीस मिनिटं लागतात. प्रशिक्षकाला जमीन लागते.

आमच्या दुसऱ्या परिषदेत सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायला शिकवण्याचं सत्र होतं. हॉल उत्तम, एसी, लाल मखमली खुर्च्या. प्रशिक्षक दोन मोठ्या बॅगा घेऊन आले, आत चार डमी. त्यांनी हॉलकडे बघितलं, खुर्च्यांच्या रांगेत शिरून एक खुर्ची हलवून पाहिली. ती स्क्रूने जमिनीला बसवलेली होती. सगळ्याच होत्या. खाली गुडघे टेकायला दोन रांगांच्या मधली हातभर जागा. ते मला म्हणाले, "ताई, माणूस कोसळला तर कुठे झोपवणार?" शेवटी चारही डमी जिन्याच्या लँडिंगवर आणि पॅसेजमध्ये मांडल्या, आणि चहाच्या टेबलापासून टॉयलेटपर्यंत लोक ओळीने गुडघ्यावर बसले. सत्र झालं, पण अर्ध्या लोकांचे हात डमीला लागलेच नाहीत.

तेव्हापासून आधी गणित करते. सीपीआरमध्ये छाती पाच ते सहा सेंटीमीटर दाबायची असते, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, आणि दोन मिनिटांत चांगला धडधाकट माणूस दमतो. म्हणजे प्रत्येकाला दोन मिनिटं प्रत्यक्ष आणि दोन मिनिटं चुका दुरुस्त करायला. साठ जण आणि चार डमी म्हटलं तर एका डमीमागे पंधरा जण, म्हणजे एक तास नुसता सरावाचा, वर वीस मिनिटं दाखवायची. तुमच्याकडे पाऊण तासच असेल तर चोवीस जणांनाच घ्या, बाकीच्यांना दुसऱ्या बॅचमध्ये. शंभर जणांना 'बघायला' बसवून प्रमाणपत्र देऊ नका.

प्रशिक्षकाला बोलावताना पत्रासोबत त्याला विचारायचं: किती जणांची बॅच? किती जागा, आणि ती सपाट की गवताची? कोणतं सामान तुम्ही आणणार, कोणतं आम्ही? वीज लागेल का, पाणी लागेल का? सामान वर न्यायला लिफ्ट हवी का? हॉलचा फोटो आणि खोलीची लांबी-रुंदी मोजून पाठवा. अग्निशामक नळकांड्याचं प्रात्यक्षिक असेल तर मोकळं मैदान लागतं, जागेच्या मालकाची लेखी परवानगी लागते, आणि पावडर साफ करायला झाडू घेतलेला माणूस लागतो. ही पावडर गाड्यांवर बसली की सोसायटीचे सेक्रेटरी वर्षभर बोलत नाहीत. दोरीवरून उतरण्याचं प्रात्यक्षिक इमारतीच्या गच्चीवरून करायचं असेल तर कुठे दोर बांधायचा ते प्रशिक्षकाने आधी येऊन बघायलाच हवं. ऐन वेळी पाण्याच्या टाकीच्या पाइपाला दोर बांधू देऊ नका.

खासगी प्रशिक्षक असतील तर प्रमाणपत्र कुणाचं, कधीपर्यंत वैध, ते मागा. मागायला लाजू नका. खरा प्रशिक्षक लगेच दाखवतो.

पत्र, पोच आणि पीए

सरकारी अधिकाऱ्याला थेट व्हॉट्सअॅपवर निमंत्रण पाठवून "नक्की येतो" मिळालं तर खूश होऊ नका. ते सौजन्य असतं. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय त्यांना येता येत नाही, म्हणून पत्र खातेप्रमुखांच्या नावे जायला हवं आणि त्यात हव्या असलेल्या अधिकाऱ्याचं नाव किंवा हुद्दा असावा. एनडीआरएफसाठी कमांडंटच्या नावे, प्रत जिल्हा प्रशासनाला. मी वापरते तो मसुदा असा:

*प्रति, मा. (पदनाम), (विभाग), मुंबई.*

*विषय: दि. … रोजीच्या आपत्ती व्यवस्थापन परिषदेत मार्गदर्शनासाठी आपल्या विभागातील अधिकारी उपलब्ध करून देण्याबाबत.*

*महोदय/महोदया,*

*आमच्या संस्थेतर्फे दि. … रोजी दादर येथे सोसायटी पदाधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि सुरक्षा रक्षक अशा सुमारे १५० जणांसाठी एक दिवसाची परिषद आहे. 'मीटर रूममधील आग: पहिली तीन मिनिटे' या विषयावर सकाळी ११.०० ते ११.३० या वेळेत आपल्या विभागातील प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्या अधिकाऱ्यांनी मराठीतून मार्गदर्शन करावे, ही विनंती. त्यानंतर १५ मिनिटे प्रश्नोत्तरे.*

*कार्यक्रमाच्या वेळी कर्तव्यावर जाण्याची गरज भासल्यास अधिकाऱ्यांनी तत्काळ निघावे. सत्राची पर्यायी व्यवस्था आम्ही ठेवली आहे. कार्यक्रमाचे चित्रीकरण आपल्या संमतीनेच केले जाईल. कोणत्याही चौकशीधीन किंवा न्यायप्रविष्ट घटनेवर प्रश्न घेतले जाणार नाहीत.*

*आपला निर्णय दि. … पर्यंत कळवावा. संपर्क: (एकच नाव, एकच क्रमांक).*

शेवटून दुसरा परिच्छेद या पत्राचा कणा आहे. तो घातल्यापासून मला नकार कमी येतात. अधिकाऱ्याला तुमच्याकडे यायचं नसतं असं नाही, अडकून पडायची भीती असते. कॅमेऱ्यासमोर कोणी गाजलेल्या दुर्घटनेवर विचारलं तर काय, हीसुद्धा.

ईमेल कराच, पण कागदही घेऊन जा. दोन प्रती. आवक विभागात एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. हीच पोच. आठ दिवसांनी फोन केलात की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "आवक नंबर काय?" तो सांगता आला तर फाईल सापडते, नाहीतर "पुन्हा मेल करा". फोन सोमवारी करू नका, महिन्याच्या पहिल्या सोमवारी तर नाहीच, त्या दिवशी लोकशाही दिन असतो. मंगळवार ते गुरुवार, दुपारी तीननंतर. आणि पीएशी नीट बोला. त्यांचं नाव लिहून ठेवा. साहेबांची तारीख प्रत्यक्षात तेच सांभाळतात. मला भरतीचं कोष्टक बघायला शिकवलं ते एका पीएंनीच.

परदेशातून कोणी येणार असेल तर पर्यटक व्हिसावर बोलावू नका. परिषदेसाठीचा वेगळा व्हिसा असतो आणि त्याला परवानग्या लागतात, तेव्हा चार-पाच महिने हाताशी ठेवा. खरं सांगायचं तर एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी ऑनलाइन सत्र पुरतं.

पैशाचं बोलणं

ते पहिल्याच फोनवर करा. सरकारी अधिकाऱ्यांना मानधन घ्यायला परवानगी लागते आणि बहुतेक जण घेत नाहीत. पाकीट पुढे करून त्यांना अवघडवू नका. खासगी प्रशिक्षक आणि डॉक्टरांना मात्र "सामाजिक काम आहे" म्हणून फुकटात राबवणं बरोबर नाही. त्यांची फी, सामानाचं भाडं, सहाय्यकाचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. पॅन, बिल, टीडीएस किती कापणार, पैसे किती दिवसांत, हे आधी सांगा. वस्तीतून येणाऱ्या स्वयंसेवकाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. त्याला मानधन रोख, त्याच दिवशी, पावती घेऊन.

आणि ड्रायव्हर. पथकाबरोबर येणारे ड्रायव्हर, जवान, सहाय्यक यांची पानं धरलेली नसतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता जेवणाच्या यादीत पहिली ओळ तीच लिहिते.

राखीव सत्र

वक्ता निघून गेला तर काय? "दुसऱ्याला थोडं लांबवायला सांगू" हे उत्तर नाही. माझ्या फाईलमध्ये एक बंद पाकीट असतं. आत दहा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकच प्रसंग. उदाहरणार्थ: शुक्रवार, संध्याकाळी ६.४०. मीटर रूममधून धूर. वॉचमन परवाच लागलेला. लिफ्टमध्ये दोघं अडकलेत. गेटसमोर टेम्पो उभा आहे. पुढच्या तीन मिनिटांत कोण काय करेल, क्रमाने लिहा. दहा-बारा जणांचा गट, पंधरा मिनिटं चर्चा, मग प्रत्येक गटाची दोन मिनिटं. चाळीस मिनिटं सहज भरतात.

एकदा ते वापरावं लागलं. अग्निशमन अधिकारी बोलायला उभे राहिले, तिसऱ्या स्लाइडवर फोन थरथरला. त्यांनी स्क्रीन बघितली, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. टोपी उचलून ते बाजूच्या दाराने गेले. खुर्ची दाराजवळची होती, गाडी गेटबाहेर तोंड करून लावलेली होती, मागे कोणी गाडी लावू नये म्हणून एक मुलगा उभा केला होता. जेमतेम मिनिटभरात ते रस्त्यावर होते. मी माइकवर एवढंच म्हटलं, "साहेब कामावर गेले, आता आपण कामाला लागू," आणि चिठ्ठ्या वाटल्या. त्या दिवशी सर्वांत जास्त गलका त्याच सत्रात झाला.

महत्त्वाच्या प्रत्येक सत्राला शक्यतो दोघं ठेवा, वेगळ्या खात्यातले. मोठी घटना घडली तर एकाच खात्याचे दोघंही जातील.

आठवडाभर आधी आणि त्या दिवशी

आठ दिवस आधी प्रत्येकाला एक पान पाठवा. श्रोते कोण, त्यांना काय माहीत आहे, आधीचा वक्ता काय बोलणार, भाषा कोणती, पार्किंग कुठे, लोकलने आलात तर कोणत्या बाजूला उतरायचं. मृतांचे आणि जखमींचे चेहरे दिसणारे फोटो स्लाइडमध्ये नकोत, हेही लिहा. दोन दिवस आधी फोन, आदल्या संध्याकाळी मेसेज. सकाळी फोन करून "निघालात का" विचारू नका. ते कुठे आहेत हे त्यांना माहीत असतं.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, सात जणांचं मनोगत, आणि अकराचा वक्ता पावणेबाराला उभा राहतो. ड्यूटीवरच्या माणसाची पाऊण तासाची नासाडी म्हणजे पुढच्या वर्षीचा नकार. मी सत्कार जेवणाच्या सुट्टीआधी एकदमच घेते, आणि पहिली दोन मिनिटं बाहेर पडायचे दरवाजे, जिने आणि जमायची जागा दाखवण्यात घालवते. आपत्तीच्या परिषदेत हॉलचा मागचा दरवाजा कुलूपबंद सापडावा, असंही एकदा झालंय. किल्ली कॅन्टीनवाल्याकडे होती.

नंतरचं पत्र

आभाराचा मेसेज वक्त्याला त्याच रात्री. पण लेखी पत्र आठ दिवसांत, आणि तेही त्यांच्या वरिष्ठांच्या नावे, प्रत वक्त्याला. अधिकाऱ्याला, सिस्टरला, पंप ऑपरेटरला असं पत्र दफ्तरी लागलेलं महत्त्वाचं वाटतं, आणि पुढच्या वेळी परवानगी देणाऱ्याला आठवतं. त्यात "अमूल्य मार्गदर्शन" लिहू नका. काय बदललं ते लिहा. गेल्या वर्षी एका सोसायटीने सत्रानंतर घरी जाऊन गेटला मोजायची टेप लावली, तेव्हा कळलं की गेटच्या कमानीखालून बंबच काय, मोठी अॅम्ब्युलन्सही आत येत नाही. त्यांनी कमान काढली. मी तीन ओळी लिहिल्या आणि कमानीच्या आधीचा-नंतरचा फोटो पत्राला टाचला.